कुलूप उघडलं नाही, काका खूश

मला चोर समजले याचं इतकं काही वाटलं नाही. पण चोर समजायचं आणि वर "त्याला काही जमत नाही हो" असं अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरायचं, हे जरा जास्त होतंय. एक काय ते ठरवा ना.

तर मला सध्या कुलपं उघडायचा छंद लागलाय. अर्थात किल्लीशिवाय. यूट्यूबवर बघून लागला, मग ऑनलाइन पिक सेट, म्हणजे कुलूप उघडायच्या बारीक हुकांचा आणि पट्ट्यांचा संच, मागवला, त्याच्यासोबत प्रॅक्टिससाठी एक पारदर्शक प्लॅस्टिकचं कुलूप फुकट आलं. ते खेळवत मी लिफ्टची वाट बघत उभा होतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बघितलं. झालं.

रविवारी संध्याकाळी काका दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत कोरं करकरीत पितळी कुलूप, सात लिव्हरचं, आणि बिल.

"उघड."

"कशाला काका?"

"दिवाळीत मुलीकडे पुण्याला जातोय. पंधरा दिवस घर बंद राहणार. तुला उघडलं तर बदलून आणतो, दुकानदाराशी बोलून ठेवलंय."

"म्हणजे हे तुम्ही माझ्यासाठी घेतलंय?"

"तुझ्यासाठी असं नाही रे. जनरल."

आणि बसले की सोफ्यावर. अर्धा कप बिनसाखरेचा चहा मागितला. किल्ली जानव्याला बांधलेली होती. कुलूप नीट चालतं हे दाखवायला त्यांनी एकदा लावून उघडून दाखवलं, पण माझ्याकडे पाठ करून, कारण मी म्हणे किल्लीचे दाते लक्षात ठेवेन. मला आमच्या सोसायटीच्या वायफायचा पासवर्ड लक्षात राहत नाही.

मी समजावायला गेलो. म्हटलं काका, मी शिकतोय ते वेगळं, आपल्या दाराच्या लॅचमध्ये असतं ते, पिनांचं. आत बारक्या पिना स्प्रिंगवर उभ्या असतात, किल्ली त्यांना बरोबर उंचीवर उचलते आणि मधला गोल फिरतो. पण भोकं पाडताना ती कधीच एका रेषेत पडत नाहीत, केसभर इकडेतिकडे होतातच. म्हणून खालून एका वाकड्या पट्टीने हलकासा ताण दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच अडकते. विरार फास्टमध्ये मागून रेटा सगळ्यांना सारखाच असतो पण दांड्यावर आधी एकच जण चेपला जातो, तसं. ती पिन शोधायची, हुकने वर सारायची, बोटाला एक बारीक टिक लागतो, गोल किंचित सरकतो, मग पुढची. ताण जास्त दिला की सगळंच आवळतं, कमी दिला की बसवलेल्या पिना धडाधड खाली. सगळी गंमत डाव्या हाताच्या एका बोटात आहे.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्रॅक्टिसची कुलपं कुठून आणतोस?"

आता इथे मी नागदेवीतल्या किंवा लोहार चाळीतल्या सरळ दुकानांचं नाव सांगू शकलो असतो. पण खरं ते सांगितलं. चोर बाजार. शुक्रवारी तिथे भंगारात जुनी कुलपं स्वस्तात मिळतात, बिनकिल्लीची तर आणखी स्वस्त. काका काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली, कोर्टात इतकी वर्षं काढलेला माणूस हलवतो तशी.

विषय बदलावा म्हणून मी इतिहासात शिरलो. लंडनला ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याच्या दुकानाच्या खिडकीत 1790 पासून एक कुलूप होतं, उघडून दाखवा आणि दोनशे गिनी न्या. साठ वर्षं कुणाला जमलं नाही. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाला हॉब्स नावाचा अमेरिकन आला, त्याने आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं आणि मग हे, सोळा दिवसांत मिळून सुमारे एक्कावन्न तास बसून.

"सोळा दिवस?" काका म्हणाले. "मालक काय काशीला गेला होता?"

मग म्हणाले, "कुलूप म्हणजे आपल्या लालबागचं. 1897. आर्देशर गोदरेज. वकिली सोडून कुलपं करायला लागला तो माणूस." आणि माझ्याकडे बघून, "करायला."

मी म्हटलं काका, आमच्या छंदाचे पण दोन नियम आहेत. कुलूप स्वतःचं पाहिजे आणि ते वापरातलं नको.

"अस्सं. चोरांचेही नियम असतात."

एव्हाना मी त्यांचं कुलूप हातात घेऊन उगाच खाटखूट सुरू केली होती. लिव्हरच्या कुलपात पिना नसतातच, पातळ पट्ट्यांची चळत असते, प्रत्येकीला एक खाच, सगळ्या खाचा एका ओळीत आल्या तरच आतला बोल्ट सरकतो. माझे हुक त्यात नुसते फिरत होते. तसं सांगितलं, म्हटलं याला वेगळी हत्यारं लागतात.

काकांनी कप खाली ठेवला.

"मुंबई पोलिस कायदा 1951, कलम 122. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीची हत्यारं कायदेशीर सबबीशिवाय बाळगणे." खिडकीबाहेर बघितलं. "सूर्यास्त झालाय."

"काका, मी माझ्या घरात बसलोय."

"सबब काय तुझी?"

"छंद!"

"हं," म्हणाले. नंतर तपासलं मी, कायद्याचं नाव आता महाराष्ट्र पोलिस कायदा झालंय पण कलम आहे. खरंच आहे.

कुलूप अर्थातच उघडलं नाही. काका इतके खूश मी कधी बघितले नव्हते. पाठीवर थाप मारली, "प्रयत्न करत राहा" म्हणाले (आता हे कुठल्या अर्थाने म्हणाले देव जाणे), आणि लिफ्टपाशी पोचायच्या आत कुणाला तरी सांगत होते, एक नंबर कुलूप आहे, ह्यालाही उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वॉचमन मला बघून हसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याच कुलपाचं दुकान विचारत होत्या. म्हणजे मी एका परीने जाहिरात झालोय, आणि कमिशन शून्य.

राग कशाचा येतो सांगू? गेटवरचा सीसीटीव्ही कधीचा बंद आहे, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. गच्चीच्या दाराला भलंमोठं कुलूप आणि त्याची किल्ली शेजारीच खिळ्याला टांगलेली. वॉचमन दुपारी दोन ते पाच साक्षात समाधीत. पेपरात घरफोडीची कुठलीही बातमी उघडून बघा, "कडीकोयंडा तोडून" असंच असतं. कटावणी घालायची आणि उचकटायचं. पिन न् पिन टिकटिक ऐकत बसायला चोराला वेळ असतो का, तो काय माझ्यासारखा रिकामटेकडा आहे? पण नाही, बिल्डिंगला धोका माझ्यापासून.

काल जिन्याने खाली येत होतो. काकांच्या दाराला ते सात लिव्हरचं लटकलंय, चकचकीत, किलोभर वजनाचं दिसतंय, बहुतेक दोघं भाजी आणायला गेले होते. आणि ज्या कोयंड्यात ते अडकवलंय तो सुताराने उलटा बसवलाय. चारही स्क्रू बाहेरून दिसतात. दहा रुपयांच्या स्क्रू ड्रायव्हरने कोयंडा कुलपासकट हातात येईल, लिव्हर सात असोत की सत्तर.

सांगायला पाहिजे, कळतंय मला, ते परवा निघतायत. पण सांगितलं की काका पहिला प्रश्न विचारणार, तू आमच्या दारापाशी वाकून काय बघत होतास. मग आणखी एक सबब शोधत बसा.