खंडेनवमी आणि चेनकव्हर

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा माझ्या मोटरसायकलच्या चेनकव्हरमध्ये पडतो, असा माझा जुना संशय आहे. जून ते सप्टेंबर गाडी धुवायची नसते, कारण ती पाऊस धुतो, असं इथे आम्ही सगळेच धरून चालतो. पण पाऊस धुतो काय? टाकी धुतो, सीट धुतो, आरसे धुतो. म्हणजे जे मुळातच बरं असतं तेवढं धुतो. इंजिनाच्या पोटाखाली, पुढच्या चक्रीपाशी, मागच्या चाकाच्या आऱ्यांत तो नुसता चिखल पोचवून जातो. तिथे चेनचं तेल त्याची वाट बघत बसलेलंच असतं. दोघांचं जमतं. मग नवरात्र येतं, खंडेनवमीला हत्यारं, अवजारं आणि गाड्या पुजायच्या असतात, आणि घरातून विचारणा होते, "अहो, ह्या गाडीला हळदकुंकू लावायचं ते नेमकं कुठे?"

वॉशिंग सेंटर असतं हे मला माहीत आहे. अष्टमीला तिथली रांग रस्त्याच्या वळणापलीकडे गेलेली असते. शिवाय तो मुलगा गाडीवर पांढराशुभ्र फेस मारतो, फेस ओघळताना आपल्याला धन्य वाटतं, आणि चेनकव्हर तो उघडतच नाही. प्रेशरचं पाणी थेट चाकाच्या मधोमध बसलं तर बेअरिंगमधलं उपयोगाचं ग्रीस निघून जातं आणि बाहेरचं निरुपयोगी ग्रीस जिथल्या तिथे राहतं. एवढ्यासाठी पैसे कशाला द्यायचे, म्हणून गाडी अंगणात विहिरीपाशी घेतली आणि डबल स्टँडवर चढवली.

पहिली अडचण रॉकेलची. पूर्वी घरात रेशनचं निळं रॉकेल असायचं. स्टोव्ह, कंदील, मुंग्या आणि सायकलची चेन ही चारही खाती एकाच डब्यावर चालायची. आता तो डबा गेला. दुकानात रॉकेल मागितलं तर दुकानदार आपल्याकडे वर-खाली बघतो. मी रॉकेलच्या शोधात आहे हे वाडीत कळलं आणि सल्ले सुरू झाले.

आईने नारळाची शेंडी आणि चुलीतली राख पुढे केली. "आम्ही पितळेचे हंडे ह्यानंच घासले, तुझी गाडी काय हंड्यापेक्षा मोठी लागून गेली?" राखेत क्षार असतो आणि इंजिन ॲल्युमिनियमचं, क्षाराने ॲल्युमिनियम काळवंडतं, हे मी तिला समजावलं. "म्हणजे आत्ता ते गोरं आहे होय?" असं म्हणून ती आत गेली.

शेजारचे अण्णा कुंपणावरून वाकले. "अरे मेल्या, रॉकेल कसलं शोधतोस? पेट्रोल ओत. एका मिनिटात साफ." पेट्रोल उणे चाळीस अंशालाही पेटण्याजोगी वाफ सोडतं, आणि हे सांगताना अण्णांच्या ओठांत जळती विडी होती. मी त्यांना विडी टाकायला सांगितलं. त्यांनी ती मोठ्या मनाने आमच्या अंगणात टाकली. मग दुसरा सल्ला आला: गाडी चालू कर, गिअर टाक, चेन आपोआप फिरेल, तू नुसतं फडकं धर. चालू इंजिनावर चेनला फडकं धरणाऱ्यांची बोटं जातात. फडकं चेन आणि चक्रीच्या मध्ये ओढलं जातं आणि हात त्याच्या मागोमाग. तेव्हा इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि चाक हाताने फिरवायचं. ह्या बाबतीत मी अण्णांचंच काय, कोणाचंच ऐकत नाही.

शेवटी अर्धा लिटर रॉकेल मिळालं. कुठून ते सांगत नाही, कारण ज्यांनी दिलं त्यांच्याकडे उद्या रांग लागेल.

आता ह्या चिकट्याचं मूळ. ग्रीस म्हणजे काय, हे मी हौसेने वाचलं आणि उगाच वाचलं असं झालं. ग्रीस म्हणजे तेल, आणि ते जागेवर धरून ठेवायला त्यात कालवलेला साबण. थट्टा नाही. गाड्यांमध्ये सर्रास असतं त्या ग्रीसमध्ये लिथियमचा साबण असतो. हा साबण स्वच्छतेच्या कामाचा नाही, त्याचं काम तेलाला मिठी मारून बसणं. म्हणजे मी भांड्यांचा साबण घेऊन जिच्यावर तुटून पडलो होतो ती घाण जन्मतःच साबणवाली होती. म्हणून नुसतं पाणी आणि फेस मारून ती ढिम्म हलत नाही. तिला आधी तिच्याच जातीचं काहीतरी लागतं, रॉकेल किंवा डिझेल. त्यात ती विरघळते, सैल पडते, आणि मग साबणाच्या पाण्याबरोबर निघते. क्रम उलटा केला तर दोन तास घासून गाडी ओली होते, इतकंच.

चेनकव्हर उघडलं. बोल्ट सापडेपर्यंतच पहिला अर्धा तास गेला, कारण डोकी बुजली होती. आतलं दृश्य बघून मी पुराणवस्तू खात्याचा माणूस झालो. सगळ्यांत वर ह्या पावसाळ्याचा जांभ्याचा लाल थर. त्याखाली महामार्गाच्या कामाची करडी सिमेंटी भुकटी. त्याखाली भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू, म्हणजे भाचेमंडळी आली होती तेव्हाचा काळ. त्याहून खाली थरांना रंगच उरला नव्हता. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायला घेतलं तेव्हा एक वॉशर निघाला, अर्धी सुपारी निघाली, आणि सर्व्हिसिंगला प्रत्येक वेळी "बसवलंय" म्हणून बिलात लागलेलं रबरी बूच निघालं.

शंभराच्या आसपास कड्या असतात चेनला. ब्रशला रॉकेल, ब्रश कडीला, चाक थोडं पुढे, पुन्हा रॉकेल. पाचसहा कड्यांपर्यंत माणूस कारागीर असतो. वीस कड्यांपर्यंत भक्त. पुढे तो फक्त ओणवा असतो. आपण सुरुवात कुठून केली ते चाळिसाव्या कडीला आठवत नाही, म्हणून खडूने खूण करावी, आणि खडूची खूण रॉकेलने पुसली जाते.

चेन तरी समोर असते. खरी परीक्षा साडीगार्डची. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्धं तरी चाक झाकणारी जाळी हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३वा नियम सांगतो. नियम चांगला आहे, त्याने पुष्कळ पदर वाचले असतील. पण ती जाळी आणि चाक ह्यांच्या मधल्या फटीत माझा हात मनगटापर्यंत जातो आणि बाहेर येताना विचार करतो. तिथे बायकोने सुचवलेला जुना टूथब्रश उपयोगी पडला. तो किती जुना होता ह्यावर नंतर मुलाने घरात वाद घातला.

एवढ्या खटपटीत एक गोष्ट नजरेआड करता येईना. किटण नष्ट होत नाही, मुक्काम हलवतं. चेनवरून ते ब्रशवर आलं, ब्रशवरून बादलीत, बादलीवरून माझ्या कोपरावर. कोपरावरून कपाळावर कधी गेलं ते मला दिसलं नाही, अण्णांना दिसलं. मध्ये फोन वाजला, तो घेतला. आता फोन काळा. फोन टेकवला ती खिडकीची चौकट काळी. मांजर पायात घुटमळून गेलं आणि थेट आईच्या अंथरुणावर जाऊन बसलं. रॉकेलचं काळं पाणी विहिरीकडे आणि फुलझाडांकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून मी ते खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये धरलं होतं. तो ट्रे कसला, हे घरात अजून कोणी विचारलेलं नाही. नानकटाईची वेळ दिवाळीत येईल तेव्हा बघू.

हात साबणाने धुऊन उपयोग नव्हता, तेही आता शास्त्रोक्त कळत होतं. तळव्यावर खोबरेल तेल घ्यायचं, वर मूठभर साखर, खसाखसा चोळायचं आणि मग साबण. स्वयंपाकघरात शिरून मी एकदम तेल आणि साखर मागितली तेव्हा आई म्हणाली, "गोडाचं करतोयस की काय?" हात स्वच्छ झाले. नखं दसऱ्यानंतर झाली.

खंडेनवमीला गाडी झळकत होती. झेंडूचा हार, हँडलला आपट्याची डहाळी, चाकाखाली लिंबू. हळदकुंकू लावायला जागाच जागा. अण्णांनीही येऊन बघितलं आणि पेट्रोलने आणखी चकाकली असती असं सांगितलं.

दसऱ्याला सकाळी गाडीखालच्या रांगोळीत तेलाचा टपोरा थेंब होता. दुपारपर्यंत तीन थेंब. दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठलं.

"काय ओ काका, गाडी धुतलीत?"

"हो."

"खालनं पण?"

"खालनंच."

मिस्त्री उकिडवा बसला, इंजिनाच्या बाजूने बोट फिरवलं आणि मान हलवली. "हे पॅकिंग कधीच गेलेलं हाय. तो चिकटा बसलेला ना, त्यानं तेल अडवून धरलेलं. तुम्ही खरवडलात. आता साइडकव्हर उतरवायला लागेल." मग चेनकडे बघून म्हणाला, "चक्रीचे दात बघा, पार वाकलेत. घाणीत दिसत नव्हते. चेनसेट पण टाकूया."

उठताना त्याने टाकीचा आधार घेतला. चार बोटं आणि अंगठा, काळेभोर, उमटले.

"संध्याकाळी या," तो म्हणाला. "धुऊन ठेवतो."