व्हेटो आणि वळेसर

"रशियाने व्हेटो वापरला नसता तर गोवा मुक्त राहिला असता का? आणि तू त्यांच्याच शत्रूच्या सैनिकांसाठी जाळी विणायला गेलीस?"

मी युक्रेनमध्ये सैनिकांसाठी जाळी विणून आले, त्यावरून काकांनी घरच्या ग्रुपवर हे लिहिलं. तेव्हा मी केअर होममधली रात्रपाळी संपवून इंग्लंडमधल्या स्विंडनच्या बसस्टॉपवर उभी होते. त्या मजकुराखाली अकरा जणांचे अंगठे होते आणि त्यांत माझ्या सख्ख्या भावाचाही होता. त्याखाली एका भाचरानं लिहिलं होतं, "मावशीला काय, पासपोर्टच पोर्तुगीज. देश कुठला ते आधी ठरवू दे."

महिना झाला, पण हे डोक्यातून जात नाही.

काकांनी लिहिलेलं खोटं नाही. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला. सात मतं बाजूने, चार विरोधात, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे, म्हणजे व्हेटोमुळे, तो फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला. आज मी ज्या देशात राहते त्याने त्या ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं, हेही खरं. पण नकाराधिकार वापरला तो सोव्हिएत संघाने, आणि कीव, ल्विव्ह, खारकीव तेव्हा त्याच संघात होती. उपकार फेडायचे म्हटले तर त्यातला वाटा युक्रेनचाही निघतो. आणि मैत्रीचंच बोलायचं तर एजंटांनी नोकरीच्या नावाखाली नेऊन रशियाच्या सैन्यात घातलेल्या भारतीय मुलांपैकी १२ जण मारले गेल्याचं आपल्याच परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्या मुलांबद्दल ग्रुपवर एक ओळ आलेली मला आठवत नाही. गोव्यातल्या मोरजीला पाहुण्यांसाठी रशियन पाट्या लागतात म्हणून तो देश आपला सोयरा होत नाही.

मी का गेले ते एकदा नीट सांगते.

आमच्या गल्लीतलं चर्च दोन वर्षांपासून ल्विव्हला गाड्या पाठवतं. मी चर्चला जाणारी नाही, पण शनिवारी त्यांच्या फूड बँकेत डबे लावते. मार्चमध्ये गाडीबरोबर जायला एक माणूस कमी पडत होता. मी हो म्हटलं. वीस वर्षं आमच्या देवीपुढे जे म्हणत आले त्याला कधीतरी हातांनी जोड द्यावी, एवढंच मनात होतं.

आमची देवी शांतादुर्गा. शिव आणि विष्णू यांचं युद्ध पेटलं तेव्हा दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली ती. पण लहानपणापासून माझ्या मनात जास्त रुतलेली गोष्ट वेगळीच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा तिला केळशीहून उचलून झुआरीपलीकडे कवळ्याला आणलं. आमची देवी घरदार सोडून आलेली आहे. आज जिथे सोन्याची पालखी निघते तिथे ती आली तेव्हा डोक्यावर छप्परही नव्हतं. ज्यांच्या कुलदेवतेलाच रात्री नदी ओलांडावी लागली, त्यांनी घरं सोडून आलेल्यांना "तुमचा आमचा काय संबंध" म्हणावं, हे मला समजत नाही.

फोकस्टन, कॅले, मग जर्मनी आणि पोलंडमधून जाणारा ए-फोर महामार्ग. गाडीत टूर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचे पट्टे), जनरेटर, पॉवर बँका आणि केअर होममधल्या आजींनी विणलेले लोकरी मोजे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरहद्दीवर पोहोचलो. तिथल्या मुलीने पासपोर्ट उघडला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टाकडे पाहिलं. पोर्तुगाल. जन्मगाव फोंडा. गाडीची नंबरप्लेट इंग्लंडची. "मग तू कुठली?" तिने विचारलं. मी गोवा म्हटलं. तिला कळलं नाही. इंडिया म्हटलं, तर तिने मान हलवली आणि शिक्का मारला. भारतीय पासपोर्टावर मला आधी व्हिसा काढावा लागला असता. त्या क्षणी त्या लाल पुस्तिकेचा मला उपयोगही झाला आणि तिचं ओझंही वाटलं.

ल्विव्हच्या एका शाळेच्या जिमखान्यात लाकडी चौकटी उभ्या केल्या होत्या, भिंतीएवढ्या. त्यांवर मासेमारीच्या जाळ्यासारखं जाळं ताणलेलं. कापडाच्या पट्ट्या रंगांप्रमाणे ढिगांत: सुकलेल्या गवताचा, ओल्या मातीचा, कोवळ्या पालवीचा. ही जाळी खंदकांवर आणि गाड्यांवर टाकतात, वरून ड्रोनला काही दिसू नये म्हणून. विणायला बसलेल्या बहुतेक बायका माझ्या आईच्या वयाच्या. माझ्या शेजारच्या आजींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी माझा हात धरून दाखवलं: पट्टी एका घरातून घालायची, तिरकी खाली आणायची, वळवून पुन्हा वर न्यायची, अक्षर लिहावं तशी. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बोटांनी आपोआप धरलं. अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, करताना केळीच्या सोपाचा दोरा देठांवरून असाच फिरवतात. काकींनी मला सात-आठ वर्षांची असताना शिकवलं होतं, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून. तीस वर्षांत मी वळेसर विणला नव्हता. ल्विव्हच्या त्या थंड हॉलमध्ये, मातकट चिंध्यांवर, माझ्या बोटांना ती वळणं आठवली.

कोपऱ्यात मुलं मेणबत्त्या बनवत होती. रिकाम्या डब्यात नालीदार पुठ्ठ्याची गुंडाळी बसवायची आणि वरून वितळलेलं मेण ओतायचं. खंदकात त्यावर हातही शेकतात आणि चहाही होतो. आमच्या गावच्या देवळात दिवजांच्या रात्री पेटते मातीचे दिवे घेऊन सुवासिनींच्या रांगा निघतात ते दृश्य डोळ्यांपुढे आलं, आणि तिथे बसून मी रडले. त्या आजींनी काही विचारलं नाही. फक्त पुढची पट्टी हातात दिली.

जाळीखाली तोफ असते, हे मला माहीत आहे. इथून गेलेल्या जाळीखालून उडालेला गोळा कुणाच्या तरी मुलावर पडतो. देवीपुढे उभी राहून मी त्याबद्दल बोलले आहे आणि पुन्हा बोलेन. पण त्या जाळीखाली बसलेला मुलगा स्वतःच्या गावात बसला आहे, दुसऱ्याच्या नाही. एवढा फरक मला पुरेसा वाटतो.

तिथे रोज सकाळी नऊला सगळं थांबतं. ट्राम थांबते, रस्त्यातली माणसं थांबतात, एक मिनिट. एकदा आम्ही गॅरिसन चर्चजवळ होतो. जेझुइटांनी बांधलेलं ते चर्च, आपल्या जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चच्याच काळातलं. सोव्हिएत राजवटीत त्याचं पुस्तकांचं गोदाम झालं होतं, २०११ मध्ये ते सैनिकांसाठी पुन्हा उघडलं. आतून एका सैनिकाची शवपेटी निघाली. गाडी पुढे सरकली तसे रस्त्यावरचे लोक गुडघ्यांवर बसले. भाजीची पिशवी घेतलेली बाई, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, सगळे. मीही बसले. दगड ओले होते.

स्विंडनमध्येही नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांसाठी छातीवर पॉपीचं फूल लावून दोन मिनिटं लोक असे उभे राहतात की खोकलाही ऐकू येत नाही. आणि आपल्याकडे? १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, भाषणं होतात, फुलं वाहिली जातात आणि लोक जेवायला घरी जातात. १९६१ मध्ये अंजदीव बेटावर आपल्या नौदलाचे सात जण पडले. ते कुठकुठल्या गावांचे होते, कुणाला सांगता येईल? ग्रुपवरच्या त्या अकरा जणांपैकी एकाला तरी?

हे लिहिताना माझाच हात थांबतो. मलाही सांगता येत नाही. तीस वर्षं मी गोव्यात राहिले. बांबोळीला मिलिटरी हॉस्पिटलवरून बस शेकडो वेळा गेली असेल, आत कोणते सैनिक आहेत असा विचार एकदाही मनात आला नाही. परक्या देशात गुडघे टेकले तेव्हा आपल्या सात जणांची आठवण झाली, ही माझ्या मनाला लागलेली गोष्ट आहे.

पण काकांच्या "परक्यांसाठी" या शब्दाला मी मान देणार नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला, मुक्तीच्या सत्याग्रहात, ज्यांनी छातीवर गोळ्या घेतल्या ते कुठे गोव्याचे होते? कर्नेलसिंग पंजाबचा. झेंडा घेऊन पुढे गेलेल्या सहोद्राबाई राय मध्य प्रदेशच्या. त्यांना फोंडा माहीत नव्हतं, कोकणी येत नव्हती, मांडवीचं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. माझ्या आजीचं माहेर बांद्याचं. त्या दिवसांत तिच्या माहेरी चूल विझली नाही, असं ती सांगायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला पेज आणि भाकरी, जात न विचारता, गाव न विचारता. काका, त्याच आजीच्या हातची पेज तुम्हीही प्यायला आहात.

पासपोर्टाबद्दलही लिहिते, कारण भाचराने विचारलं आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमचा खनिज वाहणारा टिप्पर दारात उभा राहिला आणि कर्जाचे हप्ते चालू राहिले. सासऱ्यांचा आणि माझ्या वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, म्हणून पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद निघाले. भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. त्याची झेरॉक्स आमच्या देव्हाऱ्यात आहे, देवीच्या तसबिरीमागे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर मी माझ्याच घरी जाते. तिथल्या पंचायतीच्या निवडणुकीत मला मत नाही. इथे सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहायचा हक्क, आहे, पण दिवजांच्या रात्री तेल घालायला देऊळ नाही. घरात आम्ही कोकणी बोलतो, देवापुढे मराठी आणि कामावर इंग्रजी. पोर्तुगीज, ज्या भाषेचा पासपोर्ट आहे ती, मला एक वाक्य येत नाही.

म्हणून कधी कधी रात्री वाटतं, मी सेवेला गेले की मला कुणीतरी आपल्या चौकटीपुढे जागा द्यावी म्हणून गेले? दोन्ही असेल. त्या आजींनी माझा पासपोर्ट पाहिला नाही. त्यांनी माझी गाठ पाहिली आणि पुढची पट्टी दिली. मला ते पुरलं, आणि ते मला माझ्या माणसांकडूनही हवं आहे.

मी ग्रुपवर वाद घातला नाही. पूर्ण झालेल्या जाळीचा एक फोटो टाकला, जवळून काढलेला. अंगठा कुणाचा आला नाही. रात्री काकींचा फोन आला.

"फोटो मोठा करून बघितला," त्या म्हणाल्या. "डावीकडे तिसऱ्या ओळीत तुझी गाठ सैल राहिलीय गो. सोप आधी भिजवून घ्यायला शिकवलं होतं ना मी?"

"काकी, ते कापड असतं."

"मग कापड भिजव. ओलं असलं की घट्ट बसतं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "परत कधी जाणार?"

सप्टेंबरात, मी म्हटलं. मागे काकांचा खोकला ऐकू आला. ते जवळच बसले होते. फोन त्यांनी मागितला नाही, पण काकींनी तो ठेवलाही नाही, बराच वेळ.