जुन्या फोटोतलं गोंदण पुसू नका

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरच्या आज्या रंगीत व्हायला लागल्यात. जुना कृष्णधवल फोटो अ‍ॅपमध्ये टाकला की चेहरा गुळगुळीत, साडी गुलाबी. लोक हे प्रेमापोटीच करतात. तरीही मला ते मनापासून खटकतं.

आमच्या आजीचा एकच फोटो आहे, परभणीतल्या स्टुडिओत काढलेला. नऊवारी, डोक्यावर पदर, खुर्चीचा हात मुठीत घट्ट धरलेला. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. परवा भाच्यानं तोच फोटो ‘नीट’ करून ग्रुपवर टाकला, तर गोंदण गायब! अ‍ॅपनं ते डाग समजून पुसलं. उन्हातान्हात खुरपणी करून रापलेली सावळी बाई गोरीपान झाली. सगळ्यांनी हात जोडले, हार्ट टाकले. मला मात्र त्या फोटोत आजी दिसेना.

आपण अजिंठ्याच्या मुलखातली माणसं. पहिल्या लेणीतल्या चित्रात पद्मपाणीच्या, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या, बाजूला एक सावळी स्त्री आहे. पाचव्या शतकातल्या चित्रकाराला तिला उजळ करावंसं वाटलं नाही, दागिन्यांनी नटवावंसं मात्र वाटलं. पुढच्या वेळी गेलात तर पद्मपाणीचा फोटो काढून लगेच वळू नका, तिच्याकडं जरा वेळ बघा.

याच चित्रांचं काय झालं तेही ऐका. निजामाच्या राजवटीत, १९२० नंतर, खास इटलीहून जाणकार आणले. सुटत चाललेले रंगाचे पापुद्रे त्यांनी भिंतीला धरून ठेवले, ते काम मोठंच. पण वरून लाखेचा लेप दिला, आणि तो पुढं पिवळा-काळपट पडला. तो काढायला पुरातत्त्व खात्याची वर्षानुवर्षं गेली. तिथं निदान लेपाखाली मूळ चित्र होतं. आपण मोठी रंगीत फ्रेम भिंतीला लागली की कोपरे दुमडलेला मूळ फोटो दिवाळीच्या साफसफाईत टाकून देतो. मग परत जायचं कुठं?

रंगीत करायचाच असेल तर करा, पण मूळ प्रत जपा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. मागं मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं नाव, गाव आणि साल लिहा. बायकांचं नाव आवर्जून लिहा. ‘अमक्याची मंडळी’ एवढ्यावर सोडू नका. आणि घरात नव्वदीतलं कुणी असेल तर याच आठवड्यात फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा, साडीचा रंग खरा कोणता होता ते विचारा.