डीफॉल्टच्या भरवशावर

मामेभावाच्या मिसळीच्या हॉटेलासाठी मी पायथनमध्ये बिलाची छोटी स्क्रिप्ट लिहून दिली होती. पदार्थांची यादी दिली नाही तर रिकामी धरायची, म्हणून फंक्शनच्या कंसात डीफॉल्ट, म्हणजे काही दिलं नाही तर वापरायचं मूल्य, बिनधास्त लिहिलं: यादी=[]. पहिलं बिल दोन मिसळ, एक ताक. बरोबर. दुसऱ्या गिऱ्हाइकाने नुसता चहा घेतला, तर बिलात चहा, ताक आणि दोन मिसळ! भावाचा फोन आला, "अरे, त्या माणसाची आज संकष्टी आहे. पार भडकलाय."

गोम अशी की पायथन ती रिकामी यादी फंक्शनची व्याख्या वाचतानाच एकदा बनवतं. नंतर दर कॉलला, म्हणजे फंक्शन वापरलं की दर वेळी, तीच यादी हातात येते, आधीचं खरकटं तसंच ठेवून. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली डीफॉल्ट आले, तिथे दर कॉलला नवी बनते. पायथनमध्ये डीफॉल्ट नन (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवायचा आणि नवी यादी फंक्शनच्या आत बनवायची. 'हे तर इंटरव्ह्यूत विचारतात' असं कुणीतरी म्हणेलच. विचारतात, मलाही विचारलं होतं, उत्तरही बरोबर दिलं होतं.

पण मला खरा राग आहे तो फाइल उघडणाऱ्या ओपनवर. त्याला एन्कोडिंग, म्हणजे फाइलमधले बाइट कोणत्या तक्त्याने अक्षरं म्हणून वाचायचे ते, सांगितलं नाही, तर ते मशीनच्या सेटिंगवरून ठरवतं. लिनक्सवर बहुधा सगळ्या लिप्या सामावणारं युटीएफ-८, आपल्याकडच्या बऱ्याच विंडोजवर १२५२ हा युरोपीय अक्षरांचा जुना तक्ता. युटीएफ-८ फाइलमध्ये 'मराठी' लिहिलेलं असेल तर तिथे गुपचूप कचरा वाचला जातो. 'महाराष्ट्र' असेल तर प्रोग्रॅम आपटतो, कारण पाय मोडायच्या चिन्हातला शेवटचा बाइट, ८डी, पायथनच्या १२५२ तक्त्यात नाहीच. म्हणजे जोडाक्षर असेल तर निदान बोंब तरी होते!

इंग्रजीत काम करणाऱ्याला हा डीफॉल्ट वर्षानुवर्षं टोचला नसेल. आपल्याला पहिल्याच फाइलला टोचतो. माझ्या मते चुकलं तर लगेच दिसेल किंवा काही बिघडणार नाही, तिथेच डीफॉल्ट द्यावा. छपाईच्या शेवटी नवी ओळ? खुशाल द्या. एन्कोडिंग, टाइमझोन, जीएसटीचा दर? कॉल करणाऱ्याला लिहायला लावा, कुरकुरू दे.

पायथन ३.१५ मध्ये युटीएफ-८ हाच डीफॉल्ट करायचं ठरलंय. छानच. तरी रिव्ह्यूत ओपनपुढे एन्कोडिंग दिसलं नाही की मी कोड परत पाठवतो, आणि टीममधली पोरं वैतागतात. वैतागू देत. आमच्या क्लायंटकडे अजून ३.८ चालू आहे.