पेन उचलायचं नाही, बाळा

जूनमध्ये दप्तराआधी चार रेघांच्या वह्या आणा. एक नको, डझनभर. मुलाला शर्टाची बटणं लावता आली नाहीत तरी चालेल, पण त्याच्या कर्सिव्ह, म्हणजे पेन न उचलता जोडून लिहायच्या इंग्रजी एफचं शेपूट खालच्या तांबड्या रेघेला टेकलंच पाहिजे. टेकलं नाही तर वहीवर ‘अक्षर सुधारा’ असा शेरा येईल. तो रबरी शिक्क्याचा असेल; बाईंना चाळीस वह्या तपासायच्या असतात, त्या हाताने कशाला लिहितील?

‘हे कशाला?’ असं मुलाने विचारलं, तर ‘मोठेपणी सही कशी करणार?’ असं दरडावून विचारा. मोठेपणी तो आधारसाठी मशीनवर अंगठा टेकवेल. सिमकार्डापासून रेशनपर्यंत आपण सगळेच आता अंगठेबहाद्दर आहोत, हे त्याला इतक्यात सांगू नका. स्पर्धा परीक्षेत काळे करायचे गोळे कर्सिव्हमध्ये कसे भरायचे, हेही नको.

शेजारच्यांशी वाद झाला तर परदेशाचे दाखले द्या, पण निवडून. अमेरिकेतल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ अभ्यासक्रमात कर्सिव्ह नव्हतं, हे गाळा. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून ते परत आणलं, हे दोनदा सांगा. कर्सिव्हची सक्ती काढून टाकलेल्या फिनलंडचा विषय निघालाच, तर चहा ठेवायला उठा.

एखादा आगाऊ पाहुणा म्हणेल, ‘अहो, हात न उचलता लिहायची लिपी आपल्याकडेही होती की! मोडी.’ त्याला बोलू दिलंत, तर तो थांबणार नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत सुटायचं, बोरू शक्य तितका कमी उचलायचा. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर जवळपास नाहीच, म्हणजे लाल शाईचे निम्मे गोल वाचले! शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी याच लिपीत लिहीत, पेशवाईचा हिशेब हिच्यातच झाला आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत गिरवली जात होती. मग छपाईला अवघड म्हणून आपण ती सोडली. इंग्रजी पुस्तकं कर्सिव्हमध्ये छापत नाहीत, हा मुद्दा पाहुण्याला सुचायच्या आत पोहे पुढे करा.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत. त्याची चिंता तुम्ही कशाला करता? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी वाचणारी माणसं हुडकत फिरावं लागलंच ना सरकारला? सापडली थोडीफार. पुढच्या वेळीही सापडतील, तोवर ती हयात असली म्हणजे झालं.

तुमच्याच घरी पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत निघालं, तर घाबरू नका. उलटं धरलंय की सुलटं, यावर भावाभावांत आधी एकमत करा. मग पानामागे पैसे घेऊन वाचून देणारा गाठा आणि तो वाचेल ती हद्द खरी माना. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात म्हणे. मुलाला घालायला हरकत नव्हती, पण नेमका त्याच वेळी त्याचा हँडरायटिंगचा क्लास असणार, आणि तिथली वर्षाची फी भरून झालेली असणार.