भूतकाळ धुऊन मिळेल

पैसा, सत्ता, प्रसिद्धी सगळं पदरात पडलं, पण ते आलं कुठून असं कुणी विचारलं की घशाला कोरड पडते? घाबरू नका. या दुखण्यावर दोन जालीम उपाय आहेत. हाती तिजोरी असेल तर संग्रहालय गाठा, गिटार असेल तर आत्मचरित्र लिहा. पहिल्यात सगळं झाकायचं असतं, दुसऱ्यात सगळं उघडं करायचं असतं. गुण सारखाच येतो.

आधी संग्रहालय. एक वाक्य घोकून ठेवा: संग्रहालयं राजकारण करत नाहीत. पॅरिसच्या लूव्र राजवाड्याचे दरवाजे 10 ऑगस्ट 1793 रोजी संग्रहालय म्हणून जनतेसाठी उघडले. राजाला गादीवरून खेचलं त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं, पण तो योगायोग समजा. पुढे नेपोलियनने त्याच संग्रहालयाला स्वतःचं नाव दिलं आणि जिंकलेल्या मुलखांतली चित्रं आणून भिंती भरल्या, ते कलाप्रेम. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या 25 विश्वस्तांपैकी 15 जणांना पंतप्रधान नेमतात. तरीही सरकार चार हात लांबच असतं, असं ठासून सांगा. शंका विचारणाऱ्याला कॅफेटेरियाचा रस्ता दाखवा.

खरी कमाल मात्र भिंतीवरच्या पाटीची. वस्तूशेजारच्या पाटीला साधारण 60 शब्द मिळतात. उभ्या उभ्या वाचणारा माणूस त्याहून जास्त वाचत नाही आणि तो पुढच्या कपाटाकडे सरकला की खटला संपला. म्हणून वाक्यातला कर्ता आधी उडवा. 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर घेतलं, राजवाडा जळाला, ओबाला, म्हणजे तिथल्या राजाला, हद्दपार केलं आणि पितळी पट्ट्या, मुखवटे, हस्तिदंत जहाजांवर चढवलं. हे सगळं लिहू नका. ‘पितळ, 16वं शतक. पश्चिम आफ्रिका. पुढे संग्रहात दाखल,’ एवढं पुरे. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, पट्टी आपल्या पायांनी आली, रांगेत उभी राहिली आणि तिकीट काढून आत शिरली. उरलेल्या शब्दांत ओतकामाचं तोंडभर कौतुक करा. कारागीर जितका थोर ठरेल, तितका पट्टी आणणाऱ्याचा विचार कमी होतो.

मूळ मालक दारात आलाच तर त्याला चहा द्या आणि कायदा दाखवा. ब्रिटिश म्युझियमकडे 1963 चा कायदा आहे. मोजके अपवाद सोडले तर विश्वस्तांना संग्रहातलं काही देऊन टाकता येत नाही. ‘मनात खूप आहे हो, पण हात बांधलेले आहेत’ हे म्हणताना चेहरा पडलेला असावा. तो कायदा बदलू शकणारी संसद त्याच शहरात, मैल-दीड मैलावर आहे, हा विषय काढू नये. मालक फारच चिवट निघाला तर रामबाण उपाय आहे: त्याचीच वस्तू त्याला उसनी द्या. 2024 साली असांते राजघराण्याचा ऐवज घानात कुमासीला गेला. 32 वस्तू, त्यांतल्या कित्येक 19व्या शतकातल्या युद्धांत लुटलेल्या, मुदत तीन वर्षं. उधारी खात्यावर मांडली की मालकी कुणाची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे बिघडतं कुठे? पाटी लांबली की. 1995 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ विमान मांडताना खाली काय झालं तेही सांगायचं ठरवलं. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या, सेनेटने ठराव केला, मूळ प्रदर्शन गुंडाळलं गेलं आणि संचालकांना राजीनामा द्यावा लागला. शेवटी विमानाचा सांगाडा त्रोटक मजकुरासह मांडला. ॲल्युमिनियम चकचकीत घासलं होतं. तुम्हीही घासा. घासण्याबद्दल कुणाचा राजीनामा गेलेला नाही.

देणगीदार म्हणून शिरणार असाल तर करारातली मुदतीची ओळ दोनदा वाचा. ओपिऑइड म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या धंद्यावर गब्बर झालेल्या सॅकलर घराण्याचं नाव लूव्रने 2019 मध्ये उतरवलं आणि नावाची 20 वर्षांची मुदत संपल्याचं कारण पुढे केलं. इतकं सभ्य कारण सगळ्यांच्या नशिबी नसतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 2018 साली निदर्शकांनी आत मांडलेल्या डेंडूरच्या इजिप्शियन मंदिरापुढच्या पाण्यात औषधांच्या बाटल्या फेकल्या. 2021 च्या डिसेंबरात तिथल्या सात दालनांवरून नाव काढायचं ठरलं. तेव्हा नाव दगडात कोरू नका. अक्षरं सुटी बसवून घ्या, उतरवताना भिंतीला भोकं कमी पडतात.

एवढी ऐपत नसेल तर गिटारवाल्यांची वाट धरा. संग्रहालयात एक गुन्हा लपवायला अख्खी इमारत लागते. रॉक आत्मचरित्रात गुन्हा पहिल्याच प्रकरणात मांडतात आणि लोक आगाऊ नोंदणी करतात. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याचं 2010 सालचं पुस्तक 1975 मधल्या अमेरिकेतल्या आर्कान्सातल्या पोलिसी प्रसंगाने सुरू होतं: गाडीत अमली पदार्थ ठासलेले आणि बाहेर गावचे पोलीस. बालपण मागाहून. हाच क्रम ठेवा. आधी अटक, मग आजी, मग पहिली गिटार, मग फुटकी व्हॅन. व्हॅनला भरपूर पानं द्या. वाचक खरं तर तिथेच रमतो. पुढची विमानं आणि हॉटेलं सगळ्यांची सारखीच असतात आणि व्यसनमुक्ती केंद्राचं प्रकरण तर लोक उभ्यानेच चाळतात.

शब्दांकनाला पत्रकार नेमा. तुमची आठवण आणि दौऱ्याच्या तारखा यांचं जमणार नाही, ते भांडण त्याला सोडवू द्या. मग हस्तलिखित वकिलाकडे जाईल. इंग्लंडच्या कायद्यात मेलेल्या माणसाची अब्रूनुकसानी होत नाही, म्हणून सगळी घाण मयत मॅनेजरच्या नावावर टाका; हयात ड्रमरबद्दल ‘आमचे मतभेद होते’ इतकंच लिहा. स्वतःच्या गाण्याच्या चार ओळी छापायच्या असतील तर हक्क कुणाकडे आहेत ते आधी बघा. बहुधा संगीत प्रकाशकाकडे असतात, आणि तुम्हाला तुमचेच शब्द परवानगीने वापरावे लागतात. असांतेंचं दुःख तुम्हाला इथे थोडं कळेल.

प्रतिष्ठेची घाई असेल तर इंग्लिश गायक मॉरिसीकडे बघा. त्याचं आत्मचरित्र 2013 मध्ये पहिल्याच आवृत्तीपासून पेंग्विनच्या अभिजात मालिकेत आलं. अभिजात ठरायला मरावं लागतं, हा समज जुना झाला. बॉब डिलनने 2004 मध्ये पुस्तकाला ‘खंड पहिला’ म्हटलं आणि पुढचा खंड दिलाच नाही. त्यातल्या बऱ्याच ओळी दुसऱ्यांच्या लेखनातून आल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं. 2016 साली नोबेल मिळालं. ओळीही संग्रहात दाखल होऊ शकतात.

दोन्ही उपाय एकदम हवे असतील तर तशीही सोय आहे. 2019 मध्ये त्याच मेट्रोपॉलिटनने रॉकच्या वाद्यांचं प्रदर्शन भरवलं. ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडने छायाचित्रं काढून घेताना फोडलेल्या गिटारच्या अवशेषांचं शिल्प त्यात होतं. ती कुणाची, कुणी फोडली, समोर कॅमेरा घेऊन अ‍ॅनी लीबोविट्झ होती, सगळी नोंद चोख. त्याच संग्रहालयाच्या संग्रहात बेनिनचं पितळही आहे. तेव्हा तुम्ही काही फोडणार असाल तर आधी छायाचित्रकार बोलवा.