खुलासा : मोहरे विस्कटून खेळायचे बुद्धिबळ फिशरच्या आधीचे

'मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची जागा बदलून बुद्धिबळ खेळायची कल्पना अमेरिकेचा माजी जगज्जेता बॉबी फिशर याने 1996 मध्ये शोधून काढली' हे वाक्य सध्या फिरते आहे. ते अर्धेच खरे आहे.

डावाच्या सुरुवातीच्या पाठ केलेल्या चालींचा कंटाळा ही जुनीच तक्रार. हॉलंडच्या व्हान झाउलेन व्हान नायेव्हेल्ट यांनी 1792 मध्येच मोहऱ्यांची मांडणी बदलण्याचा उपाय सुचवला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, 1868 मध्ये, बदललेल्या मांडणीने स्पर्धाही झाली. तेव्हा फिशरचा जन्म व्हायला पाऊणशे वर्षे बाकी होती!

मग फिशरचे श्रेय कशाचे? नियमांचे, आणि ते लहान नाही. नुसते मोहरे विस्कटले तर 5040 मांडण्या होतात. त्यांतल्या कित्येकांत दोन्ही उंट एकाच रंगाच्या घरांत अडकतात, कॅसलिंगचाही (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) बोजवारा उडतो. फिशरने दोन अटी घातल्या : उंट विरुद्ध रंगांच्या घरांत, आणि राजा दोन हत्तींच्या मधे. उंट मांडायचे 16 प्रकार, वजिराला उरलेली 6 घरे, मग राहिलेल्या 5 घरांत घोडे बसवायचे 10 प्रकार. राहिलेल्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती आपोआप बसतात. गुणाकार 960. नेहमीची मांडणीही त्यातलीच एक. काळ्याची मांडणी पांढऱ्यासारखीच, समोरासमोर. कॅसलिंगनंतर राजा आणि हत्ती नेहमीच्याच घरांत येतात. माझ्या मते फिशरची खरी हुशारी इथे दिसते.

'फिडे'ने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने) या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा 2019 मध्ये नॉर्वेत घेतली. अंतिम सामन्यात अमेरिकेच्या वेस्ली सो याने नेहमीच्या बुद्धिबळातला तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनला हरवले.